गावच्या तलावातील मरळ

ज्या शेतकऱ्यास पाटाचे पाणी मिळते, त्यास त्या पाण्यात दुसरे कोणते पीक वाढत आहे हे पाहण्याची सवड सहसा होत नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर पाण्याच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी एकत्र होऊन आपली पंचगंगा वाहते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली संस्थानचे पाटबंधाऱ्याचे धोरण ठरविले आणि पुढे १९०९ साली भोगावतीवर राधानगरीच्या धरणास हात घातला. ते काम मध्यंतरी खोळंबून स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. नदीत दगडी खांब उभारून त्यांत बरगे घालावयाचे व पावसाळ्यापूर्वी ते काढून घ्यावयाचे, ही बंधाऱ्याची रीत तर 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' या नावाने साऱ्या महाराष्ट्रात गेली. इतके पाणी दाराशी असता आपल्या सभांतून चर्चा होते ती उसाची, भाताची व फार तर म्हशीच्या दुधाची. पाण्यातील माशांचा विषय निघाला की मंडळी हसतात आणि रविवारच्या जेवणाकडे वळतात.

आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो तो विषय मासे पकडण्याच्या एका सहलीचा आहे खरा, परंतु त्या सहलीस निमित्त झाले ते एका गावच्या तलावाचे व त्यावर पोट असणाऱ्या माणसांचे. सबब हा मजकूर केवळ हौसेचा समजून पान उलटू नये, अशी विनंती आहे.

हातकणंगले तालुक्यात डोंगरकडेस एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळी कामांतून तो झाला. बांध मातीचा, सांडवा दगडी. पावसाळ्यात पाणी पुष्कळ पसरते, वैशाखात ते आटून सुमारे तीन हेक्टरांवर येते व सरासरी खोली पुरुषाच्या कमरेएवढी, म्हणजे एक मीटरच्या आसपास उरते. आम्ही तीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी केली, तेव्हा क्षेत्र, आकार व पाणी यांचे आकडे आमच्या जिभेवर येतात, त्यास इलाज नाही. तलावातील मासेमारीचा ठेका गावच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे आहे. संस्थेत बहुतेक भोई समाजाची कुटुंबे असून गावचे एक पाटील तिचे हितचिंतक म्हणून हिशेबाचे काम पाहतात. हे पाटील आमचे जुने स्नेही. संस्था दरसाल भाद्रपदाच्या सुमारास रोहू, कटला व मृगळ यांचे बीज तलावात सोडते, आणि दरसाल वैशाखात जाळे ओढल्यावर निघणारा माल सोडलेल्या बीजाच्या मानाने फारच थोडा भरतो. जाळ्यात येतात त्या तळहाताएवढ्या चिलापी, हव्या तितक्या; आणि मधूनमधून काळपट, सापाच्या डोक्याची, जाळ्यावरून उडी मारून जाणारी मरळ.

संस्थेच्या मंडळींनी हिशेब केला की बीज खाते ती मरळ. मरळ मांसाहारी आहे हे कोणासही ठाऊक आहे. तेव्हा पाणी अगदी आटले की मोहाची पेंड किंवा ब्लीचिंग पावडर टाकून तलाव एकदा साफ करावा, मरळीचे बी उरू देऊ नये, आणि मग नव्याने बीज सोडावे, असा ठराव पुढे आला. मत्स्यशेतीच्या पुस्तकांतही हाच सल्ला असतो, आणि लहान तळ्यापुरता तो बरोबरही आहे. पाटलांनी आम्हांस निरोप धाडला, "भाऊसाहेब, तलाव साफ करण्याआधी एकदा गळ टाकून जा. पुढच्या वर्षी मरळ दिसणार नाही." निरोपात थट्टा होती व थोडी खंतही होती.

आम्ही चौघे निघालो. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्यांस सारे मास्तर म्हणतात; दुसरे पाटील; तिसरा पाटलांचा पुण्यास नोकरीस असलेला पुतण्या; आणि चौथे आम्ही. गावात पोचल्यावर संस्थेचे एक वृद्ध सभासद आम्हांस मिळाले. सारा गाव त्यांस आबा म्हणतो, म्हणून आम्हीही आबाच म्हणू. संस्थेची परवानगी घेऊन व ठरलेली रक्कम भरून आम्ही पाण्याकडे गेलो. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की, तलाव सरकारी म्हणजे कोणाचाच नाही, अशी समजूत शहरातून येणाऱ्या हौशी मंडळीत फार आहे. ठेका ज्याचा, मासा त्याचा. त्यास विचारल्यावाचून गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातील कणीस मोडण्यासारखे होय.

आता मरळीविषयी. इंग्रज व अमेरिकन लोकांत 'बास' नावाच्या माशामागे काठ्या घेऊन धावण्याचे मोठे वेड आहे. अमेरिकेतील मोठ्या तोंडाचा बास हा तळ्यातील गवताच्या आडोशास दबा धरून बसतो, समोरून जाणारे लहान मासे, बेडूक, जे मिळेल त्यावर झेप घेतो, आणि अंडी घातल्यावर नर त्या घरट्याची राखण करितो. आपल्याकडील तळ्यांत हेच काम मरळ करिते. कुळाने दोघे एकमेकांचे कोणी लागत नाहीत, परंतु धंदा एकच. मरळीची एक गोष्ट मात्र बासला साधत नाही. तिच्या कल्ल्यांवर हवा साठविण्याची एक पोकळी असते, आणि केवळ पाण्यातील प्राणवायूवर तिचे भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तिला हवेचा घोट घ्यावाच लागतो. म्हणूनच ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मरळ बाजारात तासन्‌तास जिवंत राहते, एका डबक्यातून दुसऱ्यात ओल्या गवतावरून सरपटत जाऊ शकते, आणि तलाव आटला तर चिखलात दडून पावसाची वाट पाहते. तलाव आटवून ती नाहीशी होत नाही, याचे कारण हेच.

गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने हा तिचा घोट फार उपयोगी. पाण्यावर पाणकणिसांच्या बेटाजवळ 'गडप्‌' असा आवाज होतो, एक वर्तुळ पसरते, दोन-चार बुडबुडे येतात. आबांनी बांधावर बसल्या बसल्या हाताने दाखविले, "त्ये बघा, एक तिथं. दुसरी त्या कणसांच्या आड. ती मोठी हाय, तिचा बुडबुडा थोराड." आम्हांस सारे बुडबुडे सारखेच दिसले. पण पुढे गळास जी लागली ती मोठीच निघाली, तेव्हा आबांच्या म्हणण्यास पुरावा मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.

पुतण्याजवळ रीळ असलेली विलायती पद्धतीची काठी व रबराचा बेडूक होता. पाटलांजवळ वेळूची काठी, मोराच्या पिसाचा तरंगणारा तुकडा आणि गांडुळे. जुन्या लोकांची रीत मरळीस जिवंत बेडूक लावण्याची होती. ती आता सोडावी हे आम्ही स्पष्ट सांगतो. बेडूक हा भाताच्या शेतात किडे खाऊन राखण करणारा फुकटचा गडी आहे. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठविण्याचा मोठा व्यापार आपल्या देशात चालत असे. शेतातील कीड वाढते ही ओरड झाल्यावर १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. मोठा बेडूक वन्यजीव कायद्यानेही रक्षिलेला आहे. रबराच्या बेडकाने काम होत असता खऱ्याचे प्राण घेण्याचे कारण नाही.

आणि काम झाले. पुतण्याने बेडूक पाणकणिसांच्या पलीकडे फेकून हलके हलके ओढीत आणला. पाणी फुगले, बेडूक नाहीसा झाला, पोराने तत्काळ काठी झटकली आणि बेडूक रिकामाच परत आला. आबा म्हणाले, "घाई करू नगंस बाळा. तिला तोंड मिटू दे, मग वढ." दुसऱ्या खेपेस त्याने मनात तीन अंक मोजले व मग काठी उचलली. काठी कमानीसारखी वाकली. मरळ लांबवर पळून दम खात नाही; ती जवळच्या गवतात शिरून दोरी गुंतविते, यासाठी तिला पहिल्या धावेतच आवरावे लागते. पोराने ते साधले. स्प्रिंगच्या काट्यावर सव्वा किलो भरली. दहाच्या सुमारास, ऊन तापू लागल्यावर, आणखी एक मिळाली. तिसरी पाटलांच्या वेळूच्या काठीस साध्या गांडुळावर लागली, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो ऊस तुटून गेल्यावर कारखान्याचा पहिला हप्ता जमा होतो त्या दिवशीही आम्ही पाहिला नव्हता. मास्तरांस काहीच मिळाले नाही. ते बांधावर छत्री उघडून बसले होते व त्यांची काठी त्यांच्याहून स्वस्थ होती.

दुपारी बाभळीखाली मासे चिरले. मास्तरांनी तेथे सुचविले की पोटे आधी उघडून पाहावी. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी होते, मग या आरोपीची का होऊ नये? आबांनी सुरी चालविली. पहिल्या मरळीच्या पोटात चार चिलापीची पिल्ले, बोटाएवढी, त्यांतील दोन अर्धी विरलेली. दुसरीत एक खेकडा व एक चिलापी. पाटलांच्या मरळीत तीन चिलापी आणि काही झिंगे. रोहू-कटल्याचे नाव नाही.

पाटील एकदम म्हणाले, "म्हणजे मरळ निर्दोष!" मास्तरांनी मान हलविली. ते म्हणाले, "पाटील, बीज तुम्ही भाद्रपदात सोडता. आता वैशाख. आठ महिन्यांत जे वाचले ते हातभर झाले, जे गेले ते केव्हाच गेले. आज मरळीच्या पोटात बोटुकली कशी सापडेल? आज सापडते ती आज तळ्यात आहे ती वस्तू." मास्तरांचे म्हणणे आम्हांस पटले. एका दिवसाच्या पंचनाम्यावर निकाल देता येत नाही. मात्र त्या पंचनाम्याने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली ती ही की, वर्षाच्या या भागात तरी मरळ चिलापी खाते.

आणि येथेच खऱ्या प्रश्नास आरंभ होतो. चिलापी हा मासा आपल्या देशातील नव्हे. आफ्रिकेतील हा मासा १९५२ साली हिंदुस्थानात आणला गेला. त्याची मादी अंडी व पिल्ले तोंडात धरून वाढविते, म्हणून पिल्ले वाचण्याचे प्रमाण मोठे. दोन-तीन महिन्यांचा झाला की तो स्वतः विण्यास लागतो व वर्षातून अनेक वेळा वितो. परिणाम असा की, खाणारे कोणी नसेल तर तळे चिलापीने भरते, अन्न वाटून जाते, आणि एकही मासा तळहाताहून मोठा होत नाही. रोहू-मृगळाची पोरेही त्याच अन्नावर पोसावयाची असतात. ती मागे पडतात. संस्थेच्या जाळ्यात दरसाल जे दिसते ते हेच.

अमेरिकेत अलाबामा संस्थानातील ऑबर्न येथे होमर स्विंगल नावाच्या शास्त्रज्ञाने १९३० नंतर शेतकऱ्यांच्या लहान तळ्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. तिकडे ब्लूगिल नावाचा लहान मासा आपल्या चिलापीप्रमाणेच भराभर वितो. नुसता ब्लूगिल सोडला तर तळे बारीक माशांनी भरून जाते. त्याबरोबर योग्य प्रमाणात बास सोडला तर बास पुष्कळ पिल्ले खातो, उरलेली चांगली पोसतात, आणि शेतकऱ्यास दोन्ही मासे मिळतात. तळ्यातील खाणारा व खाल्ला जाणारा यांचा तोल राखला पाहिजे, हा त्याचा सिद्धान्त तिकडे शेततळ्यांच्या कामी सर्वत्र गेला. आपल्याकडेही चिलापीचा सुळसुळाट आवरण्यासाठी मरळ सोडण्याचे प्रयोग झालेले आहेत. तेव्हा आपल्या या तलावातून मरळ काढून टाकणे म्हणजे शेतातील उंदीर तसेच ठेवून मांजर घालविणे, असे आम्हांस वाटले.

आबांनी हीच गोष्ट पुस्तकाशिवाय सांगितली. "मरळ मारल्यावर चिलापी कोण खाणार? आम्ही खाऊन खाऊन किती खाणार?"

विषाच्या खर्चाचा हिशेब आम्ही तेथेच बाभळीखाली वहीत मांडला. मोहाच्या पेंडीचे प्रमाण एक मीटर खोल पाण्यास हेक्टरी अडीच हजार किलो असते. तीन हेक्टरांस साडेसात हजार किलो, म्हणजे साडेसात टन. मोह आपल्या भागातील झाड नव्हे. पेंड विदर्भाकडून आणावयाची, तिचे भाडे वेगळे. ब्लीचिंग पावडर त्याच मानाने हेक्टरी साडेतीनशे किलो, म्हणजे एक हजार पन्नास किलो. पेंडीतील सॅपोनिन नावाचे द्रव्य माशाच्या रक्तपेशी फोडते. पेंडीने मेलेला मासा खाण्यास चालतो, आणि सुमारे तीन आठवड्यांत विष ओसरून पेंडीचे खत होते, हा तिचा गुण खरा. पण ते तीन आठवडे त्या तलावावर गुरे पाणी पितात त्यांचे काय, खालच्या विहिरींचे काय, याचे उत्तर ठरावात नव्हते. शिवाय चारी बाजूंनी बांधलेल्या दहा गुंठ्यांच्या तळ्यात जे साधते ते ओढा मिळत असलेल्या पाझर तलावात साधत नाही. पहिल्या पुरात सांडव्यावरून चढून मरळीची व चिलापीची नवी पिल्ले पुन्हा येणारच.

याहून मोठी गोष्ट आबांच्या घरची. तलावात खवले, मळे, झिंगे अशी बारीकसारीक मासळी असते. तिला बाजारात भाव नाही व संस्थेच्या वहीत रकाना नाही. परंतु मोठ्या जाळ्याचे दिवस सोडले तर वर्षाचे उरलेले महिने संस्थेच्या कुटुंबांच्या ताटात तीच असते. विष टाकल्यावर ती सारी जाणार. संस्थेच्या ठरावावर सह्या करणाऱ्या पुरुषांच्या हे ध्यानात आले नव्हते. आबांच्या सूनबाईंच्या आले होते. त्यांनी आम्हांस भाकरी वाढता वाढता विचारले, "भाऊसाहेब, पावडर टाकल्यावर आषाढात आमी काय शिजवायचं?" आम्ही उत्तर दिले नाही, पण प्रश्न लिहून घेतला.

आषाढाचा विषय निघाला म्हणून सांगतो. पहिल्या मोठ्या पावसात नदी-ओढ्यांतील मासे विण्यासाठी उलट्या प्रवाहाने वर, भाताच्या खाचरापर्यंत चढतात. त्यांस आपण चढणीचे मासे म्हणतो, आणि बांबूचे सापळे, जाळी, घोंगडी, जे हाती येईल ते घेऊन सारा गाव त्यांच्यावर तुटून पडतो. पोटात हजारो अंडी असलेली मादी मारून आपण एक वेळचे कालवण मिळवितो व पुढील वर्षाचे पीक गमावितो, हे ध्यानात घ्यावे. त्याच दिवसांत मरळही विते. तिची तांबूस पिल्ले घोळक्याने पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि खाली आईबाप राखणीस असतात. घोळक्यावर गळ फेकला की राखण करणारी मरळ भुकेने नव्हे, रागाने गळावर येते. ती मेली की तासाभरात सारा घोळका चिलापी, पाणकोंबड्या व बगळे यांच्या पोटात जातो. हे काम जे करितात ते स्वतःस शिकारी म्हणवितात. आबांच्या मते त्यांस दुसरे नाव आहे; ते येथे छापण्याजोगे नाही.

नदीच्या डोहांत सुरुंगाची दारू टाकून मासे मारणारे लोक याच मालिकेतील. स्फोटाने वा विषाने मासे मारण्यास १८९७ च्या हिंदुस्थानच्या मत्स्य कायद्यानेच मनाई झाली होती. तरीही घाटाखालच्या व वरच्या नद्यांत तो प्रकार पुरता थांबला नाही. सह्याद्रीच्या नद्यांतील खडस हा मोठ्या खवल्यांचा मासा त्यामुळे व धरणांमुळे पुष्कळ ठिकाणी दुर्मीळ झाला. या माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले. हे गृहस्थ मुंबई सरकारचे आकडेवारी गोळा करणारे अधिकारी होते, म्हणजे एका अर्थी आमच्याच खात्याचे. त्यांनी दख्खनमधील माशांस लॅटिन नावे देताना कोळी-भोयांच्या तोंडची मराठी नावेच लॅटिनात घातली, आणि खडसाच्या नावात 'खुद्री' हा शब्द आजतागायत राहिला आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा कंपनीने १९७० नंतर या माशाची पैदास करण्याचे केंद्र चालविले व तेथील पोरे देशभरच्या तलावांत गेली.

शेतकऱ्यांकडूनही माशांस त्रास कमी नाही. फवारणीचा पंप तलावाच्या कडेस धुणे, औषधाची रिकामी बाटली पाण्यात भिरकावणे, हे प्रकार त्या दिवशीही आमच्या डोळ्यांदेखत झाले. एंडोसल्फान हे औषध माशांस अत्यंत घातक होते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. पण जी औषधे आज विकली जातात त्यांतीलही कित्येक माशांस थोड्या मात्रेत मारक आहेत. पंचगंगेच्या खालच्या अंगास उन्हाळ्यात बंधाऱ्यांपाशी मेलेल्या माशांचे थर पाहण्याचे प्रसंग वारंवार आलेले आहेत; त्यात कारखान्यांची मळी किती, शहरांचे सांडपाणी किती, हा वाद चालो. पंप बांधापासून दूर धुण्यास कोणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

असो. संध्याकाळी संस्थेच्या मंडळींची बैठक तलावाच्या बांधावरच झाली. पाटलांनी वहीतील हिशेब वाचून दाखविला. तरुण सभासद प्रथम ऐकण्यास तयार नव्हते. त्यांतील एकाने रास्त मुद्दा काढला: "मरळ चिलापी खाते हे कबूल. पण भाद्रपदात आमचं बीज पण खाते की. त्याचं काय?" हा प्रश्न टाळून चालणार नव्हता. बीजासाठी पैसे संस्थेचे जातात.

यावर तोडगा मास्तरांनी मांडला. पूर्वी रोहू-कटल्याचे बीज बंगाल-बिहारकडील नद्यांतून पुरात गोळा करून आणावे लागे, आणि त्यात नको त्या माशांचीही भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात कार्प जातीचे मासे विण्यास लावले, तेव्हापासून शुद्ध बीज पाहिजे तेथे तयार होऊ लागले. तो दिवस आता मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. असे असता आपण बीज घेतो ते नखाएवढे, कारण ते स्वस्त. नखाएवढे पोर मरळीने खाल्ले नाही तर चिलापी खाईल, चिलापीने सोडले तर पाणकीटक खाईल. मोठ्या जलाशयांत मांसाहारी मासे काढून टाकणे अशक्य असते, म्हणून तेथे दहा सेंटिमीटरपर्यंत वाढविलेली बोटुकली सोडावी, असे शास्त्र सांगते. आपणही तसेच करावे. बीज आषाढ-श्रावणात आणून बांधाजवळच्या उथळ कोपऱ्यात बारीक जाळीचे कुंपण घालून त्यात वाढवावे, तांदळाचा कोंडा व भुईमुगाची पेंड घालावी, आणि चार बोटांहून मोठे झाल्यावर कुंपण उघडावे.

पाटलांनी तेथेच सकाळच्या सव्वा किलोच्या मरळीचे मुंडके मागविले. जबड्यात बोटे घालून पाहिली. तीन बोटे शिरली, चौथे अडले. "याहून उंच अंगाचा रोहू हिला गिळता यायचा नाही," एवढेच ते बोलले. मास्तरांच्या व्याख्यानापेक्षा त्या मुंडक्याचा उपयोग अधिक झाला, हे आम्ही मास्तरांची क्षमा मागून लिहितो.

तरुणांतील दोघे तरीही विरुद्ध राहिले. त्यांचे म्हणणे, मोठी मरळ तीन-चार किलोचीही असते, तिच्या जबड्याचे काय? हेही खरे आहे. म्हणून असे ठरले की मोठ्या मरळी गळाने काढाव्या. जिवंत मरळीस कोल्हापूरच्या बाजारात रोहूहून पुष्कळ अधिक दर येतो. काटे थोडे म्हणून आजाऱ्यासाठी लोक ती शोधीत येतात. ज्या माशास विष घालून मारावयाचे ठरले होते तोच तलावातील सर्वांत महाग माल आहे, हे बैठकीत प्रथमच कोणी मोठ्याने बोलले. चैत्र-वैशाखाच्या रविवारी बाहेरच्या हौशी मंडळींस फी घेऊन गळ टाकू द्यावा, पकडलेली मरळ न्यावयाची तर वजनाप्रमाणे पैसे भरावे, आणि मृगापासून नवरात्रापर्यंत मरळीवर गळ टाकण्यास संस्थेने बंदी ठेवावी. पेंडीचा ठराव या सालापुरता तहकूब झाला. कुंपणासाठी वेळू पाटील देणार. जाळी संस्थेच्या शिलकीतून. कोंडा प्रत्येक घरटी एक पायली.

एक अट आबांनी घातली. गळाने जी मरळ निघेल तिचे पोट तेथेच बांधावर उघडावे व काय निघाले ते लिहून ठेवावे, भाद्रपदानंतर विशेषेकरून. म्हणजे पुढच्या वैशाखात भांडण तोंडाने न होता वहीने होईल. वही आम्ही कोल्हापुरातून घेऊन आखून धाडली आहे. तारीख, लांबी, वजन, पकडणाराचे नाव, पोटात काय, असे पाच रकाने आहेत. शेवटचा रकाना रुंद ठेविला आहे.